तेरा पॉइंट आणि बारा आठवडे

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात मी क्वालिटीचं काम पाहते. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारी संस्था, तिच्या तपासणीच्या तयारीचं सगळं ओझं ज्या टेबलावर येऊन पडतं, ते टेबल माझं. प्रत्येक डॉक्टरची एक फाइल असते: पदव्या, नोंदणीचं प्रमाणपत्र, विमा पॉलिसी आणि कोणत्या शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया करायची परवानगी आहे त्याची यादी. वर्षातून दोनदा या फाइली मी एकेक करून उघडते. ५ एप्रिल २०२४ला, शुक्रवारी, आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमची फाइल उघडली आणि नोंदणीच्या मुदतीसमोर ३० जून २०२४ ही तारीख दिसली. मुदत जवळ आली एवढ्यानं मी घाबरले नसते. रिन्युअल पाच वर्षांनी येतंच, शिक्षणाच्या कार्यक्रमांचे पॉइंट पुरेसे असले आणि अर्ज भरला की होतं. म्हणून मॅडमना फोन केला आणि सहज विचारलं, “पॉइंट किती झाले?”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग, “असतील ना ग. दरवर्षी जातेच की मी.”

पुढचे बारा आठवडे काय झालं ते इथे लिहिते आहे. मॅडमनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे आणि चुका तशाच ठेवल्या आहेत.

नियम नेमका काय होता

डॉक्टरांनी पाच वर्षांत किमान ३० तास सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणासाठीच्या कार्यक्रमांना, हजेरी लावावी, हे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२च्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात त्याचा व्यवहारातला अर्थ असा की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करताना मागच्या पाच वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. तास आणि पॉइंट एकच आहेत असं मात्र धरून चालायचं नाही. संध्याकाळी दोन-तीन तास बसलात म्हणून दोन-तीन पॉइंट मिळतील असं नसतं. त्या कार्यक्रमाला कौन्सिलनं आधी किती पॉइंट मंजूर केले आहेत, तेवढेच मिळतात. मंजुरीच घेतलेली नसेल तर शून्य, मग व्यासपीठावर कितीही मोठा माणूस बोलत असो.

मॅडमचा एक गैरसमज होता, आणि तो त्यांच्या एकटीचा नव्हता. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी आलेल्या संस्थेचे, नवे नियम आले. २ ऑगस्टला राजपत्रात छापले गेले आणि २३ ऑगस्टला स्थगितही झाले. डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावानंच लिहावीत या अटीवरून जो गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. पण त्याच नियमांत सीएमईचा भागही होता. स्थगितीची बातमी डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरता फिरता “पॉइंटची भानगड संपली” इथपर्यंत पोहोचली. प्रत्यक्षात नवे नियम थांबल्यावर २००२चेच नियम पुन्हा लागू झाले होते, आणि राज्याच्या कौन्सिलची अट कुठेच गेली नव्हती. मॅडमनी तो मेसेज ऑगस्टमध्ये वाचला आणि त्यानंतरच्या दोन कार्यक्रमांत प्रमाणपत्र घ्यायला रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत.

खोका

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मॅडम भूल देतात म्हणजे त्यांचं स्वतःचं एक हॉस्पिटल नसतं. आमच्याकडे त्या मुख्य भूलतज्ज्ञ म्हणून फाइलीवर आहेत, पण सकाळी रामदासपेठेत गुडघ्याची केस, दुपारी आमच्याकडे, रात्री सक्करदऱ्याला सिझर असा दिवस जातो. त्यांचं ऑफिस म्हणजे गाडीची डिकी. तिथून त्यांनी चपलांचा एक जुना खोका आणला आणि जेवणाच्या टेबलावर उलटा केला.

त्यातून काय काय निघालं! लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, गळ्यात घालायचे बॅज, परिषदेच्या पिशव्यांमधली पेनं, एका औषध कंपनीचं घडीचं कॅलेंडर, मुलाचा दहावीचा प्रवेशपत्राचा फोटो. प्रमाणपत्रांची आम्ही दोन गट्ठ्यांत वाटणी केली: पॉइंट छापलेली आणि न छापलेली. न छापलेली जास्त निघाली. मग मॅडमनी कौन्सिलच्या वेबसाइटवर लॉगिन करायचा प्रयत्न केला. पासवर्ड आठवेना, आणि नोंदवलेला मोबाइल नंबर २०१५चा, तो आता त्यांच्या पुतण्याकडे. पुतण्या पुण्याला. त्याला फोन करून ओटीपी मिळवला.

खात्यात १३ पॉइंट होते.

मॅडम एकदम म्हणाल्या, “शक्यच नाही.” मला ते वाक्य आवडलं, कारण त्यांचं बरोबरच होतं. दर वर्षी ऑक्टोबरमधला ईथर डे त्यांनी कधी चुकवलेला नाही. १६ ऑक्टोबर १८४६ला बोस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टननं ईथर हुंगवून भूल देऊन दाखवली, त्या दिवसाचा कार्यक्रम नागपूरचे भूलतज्ज्ञ मोठ्या हौसेनं करतात. उत्तर अंबाझरी रोडवरच्या आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, हॉलमध्ये त्यांना न ओळखणारा माणूस सापडणार नाही. पाच वर्षांत त्या शिकल्या नाहीत असं कुणीच म्हणू शकलं नसतं. मग १७ पॉइंट गेले कुठे?

गळती

पुढचे तीन आठवडे मी हेच शोधत होते. एक मोठी चूक सापडेल असं वाटलं होतं. सापडल्या लहान लहान, आणि प्रत्येक वेगळ्या जातीची.

पहिली नोंदणी क्रमांकाची. कौन्सिलचा क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रमांक अशा तीन तुकड्यांचा असतो. आयोजक उपस्थितांची यादी या क्रमांकासह कौन्सिलकडे पाठवतात. २०२२च्या एका कार्यक्रमाच्या यादीत मॅडमचा महिना ०३ ऐवजी ०८ गेला होता. हाताने लिहिलेला तीन कुणाला आठ वाटला. दोन पॉइंट भलत्याच क्रमांकावर गेले, किंवा अशा क्रमांकावर जो अस्तित्वातच नाही. आयोजक संस्थेच्या कारकुनाला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, आम्ही का मनानं लिहून राहिलो का? मॅडमनं जे लिहून दिलं तेच टाकलं.” मी उपस्थितीच्या कागदाचा फोटो मागवला. अक्षर मॅडमचंच होतं. तो आकडा मलासुद्धा आठच वाटला असता.

दुसरी नावाची. मॅडमनी २०११मध्ये कौन्सिलकडे नाव बदलून घेतलं आहे, पण त्यांचा ईमेल अजून माहेरच्या नावाचा. एका परिषदेचा ऑनलाइन फॉर्म भरताना मोबाइलनं आपणहून माहेरचं नाव भरलं आणि नोंदणी क्रमांकाची चौकट रिकामी राहिली. आयोजकांनी नावानं शोधलं, सापडलं नाही, सोडून दिलं. प्रमाणपत्रही त्याच नावाचं. आणखी दोन पॉइंट.

तिसरी वेबिनारची. कोविडच्या पहिल्या वर्षात वेबिनारांचा पूर आला होता. मॅडमनी खाटेवर बसून, टॅबलेट उशीला टेकवून, कितीतरी ऐकले. एप्रिल २०२१मध्ये दुसरी लाट आली तेव्हा ते सगळं थांबलं. त्या महिन्यात त्या आणि त्यांच्यासारखे भूलतज्ज्ञ आयसीयूतच राहत होते, कारण व्हेंटिलेटर लावणं, ऑक्सिजनचं गणित सांभाळणं, पालथं झोपवलेल्या रुग्णाची नळी सरकू न देणं, हे दुसऱ्या कुणाला एवढं जमत नव्हतं. ते शिक्षण कुठल्याच खात्यात जमा झालेलं नाही. असो. त्याआधीच्या वेबिनारांत कौन्सिलची मंजुरी असलेले दोनच निघाले, प्रत्येकी एक पॉइंटचे. त्यांची प्रमाणपत्रं ईमेलच्या स्पॅममध्ये चार वर्षं पडून होती.

चौथी जात सगळ्यात नाजूक. चार कार्यक्रम असे होते जिथे मॅडमनी सकाळी सही केली होती पण प्रमाणपत्र घेतलं नव्हतं. प्रमाणपत्र शेवटी मिळतं, समारोप झाल्यावर. भूलतज्ज्ञाला शेवटपर्यंत बसू देईल असं शहर अजून वसायचं आहे. मी यादी करून म्हटलं, चारही ठिकाणी पत्र टाकू. मॅडमनी पेन उचललं आणि दोन नावं खोडली.

“इथून मी अकराला निघून गेले होते. तेव्हा सिझर पडली होती. आणि हे दुसरं, इथं मी फक्त चहा प्यायले.”

मी म्हटलं, सही तर आहे. त्या म्हणाल्या, “सही आहे. मी नव्हते.”

मला हा प्रसंग लिहायला हवा, कारण अशा वेळी सगळे काय करतात ते मला माहीत आहे. जेवणानंतर हॉल निम्मा रिकामा होतो, आणि संध्याकाळी प्रमाणपत्रं मात्र पूर्ण जातात. कौन्सिलचा निरीक्षक समोर बसलेला असला तरी तो काही दारात उभा राहून मोजत नाही. मॅडमनी उरलेल्या दोनच कार्यक्रमांसाठी पत्र लिहिलं, जिथे त्या खरोखर शेवटपर्यंत होत्या पण रांग लांब होती. तिथले मिळून तीन पॉइंट.

पाचवी फॅकल्टीची. एका कार्यक्रमात मॅडम बोलायला गेल्या होत्या. वक्त्याला वेगळे पॉइंट असतात, पण वक्ता डेलिगेटच्या टेबलावर सही करत नाही. तो मागच्या दारानं येतो, शाल-श्रीफळ घेतो आणि निघतो. यादीत त्यांचं नाव कुणीच घातलं नव्हतं. आयोजकांनी स्पष्ट सांगितलं की यादी केव्हाच बंद झाली आणि आता त्यात भर घालता येणार नाही. तीन पॉइंट गेले ते गेलेच. श्रीफळाची चटणी झाली तेवढीच.

हैदराबादच्या एका परिषदेचं प्रमाणपत्रही होतं, तिथल्या राज्याच्या कौन्सिलचे पॉइंट छापलेलं. ते आपल्या खात्यात आपोआप येत नाहीत. अर्ज करायचा, वाट पाहायची. जूनपर्यंत उत्तर येईल या भरवशावर नियोजन करणं मला पटलं नाही, म्हणून ते हिशोबाबाहेर ठेवलं.

१३ अधिक २ अधिक २ अधिक २ अधिक ३. बावीस. त्यातले नऊ मे महिना संपेपर्यंत खात्यात दिसू लागले. त्यासाठी किती फोन केले ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं.

आठ पॉइंट आणि नागपूरचा मे

उरले आठ. ऐकायला थोडे वाटतात. पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये सीएमई शोधून पाहा. १९ एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं, त्याच्या आधी सगळं शहर त्यातच. नंतर ऊन. पारा ४५च्या आसपास असताना कोणती संस्था दिवसभराचा कार्यक्रम ठेवेल? निम्मे डॉक्टर मुलांच्या सुट्या घेऊन बाहेरगावी. कार्यक्रमांची रेलचेल सुरू होते ती १ जुलैच्या डॉक्टर्स डेच्या निमित्तानं, म्हणजे मॅडमची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी एक तक्ता केला. मॅडमना तो दाखवला तेव्हा त्यांना हसू आलं, कारण त्यात मी त्यांच्या केसेसच्या वेळाही घातल्या होत्या. २८ एप्रिलच्या रविवारी हिंगणा रोडवरच्या एका मेडिकल कॉलेजात एअरवेची, म्हणजे रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची, कार्यशाळा होती, पूर्ण दिवस, दोन पॉइंट. १६ मेच्या गुरुवारी संध्याकाळी एक पॉइंट. मध्ये एका हॉटेलातल्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, पत्रिकेवर ‘सीएमई’ असं ठळक छापलेलं. मॅडम उन्हातून घरी येऊन, तयार होऊन तिकडे गेल्या. एका कंपनीच्या औषधावरचं व्याख्यान होतं, जेवण उत्तम होतं आणि कौन्सिलची मंजुरी नव्हती. निमंत्रणात मंजुरीचा क्रमांक नाही हे मी पाहायला हवं होतं. ती चूक माझी.

जूनच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, ८ आणि ९ तारखेला, पुण्यात परिषद होती. चार पॉइंट. शुक्रवारी दुपारची केस संपवून त्या ट्रॅव्हल्सनं निघाल्या, सोमवारी सकाळी परत आल्या आणि तशाच ओटीत गेल्या. तिथे त्यांनी काय केलं हे मला नंतर कळलं. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर त्यांनी मुलाला सांगितलं, “मी बोलते, तू टाइप कर, आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळव.” क्रमांकाचा एकेक आकडा त्यांनी बोलून दाखवला. मागे रांग कुरकुरत होती.

१४ जूनला खातं उघडलं. २९.

एका पॉइंटसाठी माणूस किती चिडू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मॅडमनी खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाल्या, “त्या चहाच्या वेळी बसले असते तर!” मग स्वतःच हसल्या.

२० जूनला, गुरुवारी संध्याकाळी, एक छोटा कार्यक्रम होता. दुपारी चारला आमच्याकडेच सिझर पडली. बाळाचे ठोके कमी होत होते, थांबायला वेळ नव्हता. मॅडम ओटीत होत्या. साडेपाचला मी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती सदरहून निघाली, सव्वासहाला पोहोचली, पोट बंद होत असताना मॅडमकडून रुग्ण ताब्यात घेतला. मॅडम ओटीचे कपडे बदलून साडेसातच्या कार्यक्रमाला वेळेवर पोहोचल्या आणि शेवटचं आभार प्रदर्शन होईपर्यंत बसल्या. मंगळवारी पॉइंट खात्यात दिसला आणि त्याच दुपारी रिन्युअलचा अर्ज गेला. फॉर्म, फी, स्कॅन यात लिहिण्यासारखं काही नाही.

हॉस्पिटलच्या बाजूनं

व्यवस्थापनाच्या बैठकीत मला विचारलं गेलं की एका डॉक्टरच्या पॉइंटसाठी क्वालिटीच्या माणसानं तीन महिने का घालवावेत. प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिलं ते असं: १ जुलैच्या सकाळी नोंदणी संपलेल्या भूलतज्ज्ञानं आपल्या ओटीत स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, दिला आणि काही बिघडलं, तर ग्राहक आयोगात भूल बरोबर दिली होती का हा प्रश्न दुसरा येईल. विमा कंपनीसुद्धा आधी नोंदणीचाच कागद मागेल. भूल अगदी पाठ्यपुस्तकासारखी दिलेली असली तरी. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

बदल दोन केले. फाइलीत मुदतीच्या तारखेशेजारी आता खात्यातल्या पॉइंटचा आकडा लिहिला जातो, दर सहा महिन्यांनी, आणि तो डॉक्टरनं स्वतः लॉगिन करून दाखवायचा. कागदी प्रमाणपत्र आम्ही पुरावा म्हणून धरतो, हिशोब म्हणून नाही. दुसरं, कार्यक्रम संपला की गाडी सुरू करण्याआधी प्रमाणपत्राचा फोटो. पार्किंगमध्ये, तिथल्या तिथे. घरी गेल्यावर करते म्हणणाऱ्यांचा खोका मी पाहिला आहे. याला आमच्या दोन सर्जननी “शाळेसारखं” म्हटलं. त्यातल्या एकाच्या खात्यात सात पॉइंट निघाले. त्यांची मुदत २०२५ची होती. ते तेव्हा माझ्या केबिनसमोरून भराभर जात.

एक गोष्ट राहिली. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे एका रुग्णाच्या घशात नळी जात नव्हती. लठ्ठ माणूस, आखूड मान, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. ऑक्सिजन खाली येत होता. मॅडमनी तो निभावला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बसलो: ओटीच्या सिस्टर, टेक्निशियन, मॅडम, मी. दीड तास. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण, कपाटात कुलूपबंद होता, चावी सिस्टरकडे आणि सिस्टर जेवायला, हे त्या बैठकीत कळलं. ट्रॉली नव्यानं लावली, अवघड एअरवेचा २०१६चा भारतीय तक्ता मोठा करून भिंतीवर चिकटवला. त्या दीड तासाला कुठलेही पॉइंट नाहीत, कारण कौन्सिलकडे मंजुरी मागावी असा तो कार्यक्रमच नव्हता.

जुलैमध्ये नवं प्रमाणपत्र फाइलीला लावायला मॅडम आल्या तेव्हा त्यांनी एक छोटी वही दाखवली. तारीख, विषय, ठिकाण, मंजुरीचा क्रमांक, पॉइंट, खात्यात दिसला का, असे रकाने. सगळे स्वतः आखलेले. पहिल्याच ओळीत त्यांनी ती हिवाळ्यातली बैठक मागच्या तारखेनं लिहिली होती. पॉइंटच्या रकान्यात शून्य. शेवटच्या रकान्यात, खात्यात दिसला का याच्या खाली, त्यांनी “भिंतीवर” असं लिहिलं होतं. आणि वहीवर लिहिलेल्या नोंदणी क्रमांकातला महिन्याचा तीन अगदी ठळक, आठ वाटणार नाही असा.